आयत्या वेळचा विनोद

बंगळूर शहरातील तालीमघरांतून अलीकडे एक गमतीचा खेळ खेळला जातो. प्रेक्षकांपैकी कोणी स्थळ सुचवितो, कोणी धंदा. आणि दोन नट त्याच क्षणी त्यावर विनोदी प्रवेश उभा करतात. हाती संहिता नसते. नियम मात्र कडक असतो: सोबत्याने जे म्हटले ते खोडावयाचे नाही, ते खरे मानून त्यात आपली भर घालावयाची. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी अशा नाट्यखेळांचा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध केला आणि पुढे ही पद्धत देशोदेशी पसरली.

श्रोतेहो, मराठी रंगभूमीला ही विद्या परकी नाही. आपल्याकडे ती कर्नाटकाच्याच वाटेने आली. कानडी मुलखातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी, तसे काही मराठीत करावे, अशी आज्ञा विष्णुदास भावे यांना केली. आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. भाव्यांनी रचली ती पद्ये. सूत्रधार ती गाई आणि त्यांच्या अनुरोधाने पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. आरंभी विदूषक येई. सूत्रधाराने गंभीरपणे प्रश्न करावा, याने शब्दाचा भलताच अर्थ घेऊन उत्तर द्यावे, आणि त्या उत्तरावरच पुढला प्रश्न बांधला जावा!

तमाशातील बतावणी याच जातीची. सोंगाड्याने ‘आमच्या विहिरीत जहाजे चालतात’ अशी थाप मारावी. जोडीदाराने लागलीच विचारावे, ‘मग भाडे किती पडते?’ ‘खोटे!’ म्हटले की रंगाचा बेरंग झालाच.

१८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक संवादांसह लिहून काढले. अशा नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणू लागले. नटाच्या जिभेस लगाम बसला, स्वभावचित्रणास खोली आली. हा लाभ लहान नव्हे. पण सोबत्याकडे सावधपणे कान देण्याची जुनी सवय मागे पडली. लोकनाट्याने ती जपली. १९६५ साली आलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ची संहिता वसंत सबनीसांची, परंतु दादा कोंडके तीत ताज्या घडामोडी गुंफीत, आणि तेच लोकनाट्य पुन्हा पाहावयास आलेल्यांनाही काही नवे ऐकावयास मिळे.

बंगळूरच्या तालीमघरात नवशिक्यास प्रथम सोबत्याचे वाक्य शेवटपर्यंत ऐकावयास शिकवितात. भाव्यांच्या नटांना हे निराळे शिकवावे लागले नसावे. सूत्रधाराचे पद ऐकल्यावाचून पुढे बोलावयास त्यांच्यापाशी काही नव्हतेच.