चंद्राची रंगीत तालीम

कोणत्याही मोहिमेचा इतिहास लिहिताना आपण विजयाचा दिवस ठसठशीत लिहितो आणि तयारीचे दिवस गाळतो. पावनखिंडीची रात्र आपल्याला पाठ असते. गडावरच्या दाणागोट्याचा आणि दारूगोळ्याचा हिशेब ठेवणारा कारकून कोणाच्या स्मरणात नसतो. इतिहास हा विषय घेऊन एम.ए. झालो आणि पंचवीसहून अधिक वर्षे तो शिकवला, तरी माझे कुतूहल त्या कारकुनाभोवतीच जास्त घोटाळते. म्हणूनच २० जुलै १९६९ या तारखेपेक्षा तिच्याआधी दोन वर्षे, जुलै १९६७ मध्ये, अमेरिकेतील ॲरिझोना प्रांताच्या एका काळ्या माळावर जे घडले त्याविषयी लिहावे असे वाटले.

तो माळ फ्लॅगस्टाफ या गावाजवळ आहे. नाव सिंडर लेक. नावात तळे असले तरी तेथे पाणी नाही. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी जवळच्या सनसेट क्रेटर या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते, तो हा काळ. त्या उद्रेकातून उडालेली काळी, सच्छिद्र, कोळशाच्या चुरीसारखी खडी मैलोगणती पसरली, आणि तिच्याखाली फिकट रंगाची चिकणमाती झाकली गेली. काळ्या थराखाली फिकट थर, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे.

या माळावर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील मंडळींनी चंद्राचा एक तुकडा तयार केला. लूनर ऑर्बिटर यानाने काढलेल्या छायाचित्रांतून शांतिसागराचा एक भाग निवडला. त्यावर जेथे जेथे विवर दिसत होते, तेथे तेथे जमिनीत सुरुंगासाठी भोक पाडले. पाचशे फूट लांब, पाचशे फूट रुंद अशा चौकोनात सत्तेचाळीस विवरे! स्फोटक म्हणून थोडे डायनामाइट, आणि बाकी सारे अमोनियम नायट्रेट, म्हणजे शेतकऱ्याच्या परिचयाचे खतच. खरी हुशारी पुढे आहे. सारे सुरुंग एकदम उडवले नाहीत, क्रमाने उडवले. आधी ‘जुनी’ विवरे, मग मधल्या वयाची, मग ‘नवी’. प्रत्येक स्फोटाने खालची फिकट माती उसळून काळ्या खडीवर पसरे, आणि नंतरच्या स्फोटाची माती आधीच्या विवराच्या काठावर चढे. कोणते विवर आधीचे आणि कोणते नंतरचे, हे काठ पाहून ओळखता यावे अशी ही रचना होती. आमच्या विषयात शिलालेखावर दुसऱ्या लेखाची अक्षरे चढली असली की आम्ही जे करतो, तेच हे.

पुढे त्याच वर्षी हे क्षेत्र वाढवून विवरांची संख्या १४३ झाली, आणि १९६८ मध्ये शेजारी दुसरे, याहून मोठे क्षेत्र तयार झाले. अंतराळवीर तेथे जाऊन नकाशे घेऊन फिरत, नमुने गोळा करीत, आपण कोठे उभे आहोत हे रेडिओवरून सांगत.

या सगळ्यामागे युजीन शूमेकर या भूवैज्ञानिकाची दृष्टी होती. फ्लॅगस्टाफपासून फार लांब नसलेल्या मीटिअर क्रेटर नावाच्या सव्वा किलोमीटर रुंदीच्या खड्ड्याविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. तो ज्वालामुखीचा की उल्केचा? शूमेकरने नेवाडातील अणुचाचण्यांनी पडलेल्या खड्ड्यांशी त्याची तुलना केली, आणि १९६० मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील खडकात कोएसाइट हे खनिज दाखवून दिले. वालुकाश्मावर प्रचंड दाबाचा आघात झाल्याशिवाय ते तशा जागी होत नाही, तेव्हा वाद उल्केच्या बाजूने मिटला. (आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचा असाच निकाल १९७३ मध्ये लागला. बेसाल्टमध्ये पडलेले उल्काविवर म्हणून चंद्राचे अभ्यासक लोणारला मानतात. आपण तेथे देवळे पाहून परततो.)

शूमेकरला स्वतःला चंद्रावर जायचे होते. पण १९६३ मध्ये त्याला ॲडिसन्स डिसीज हा ग्रंथींचा विकार असल्याचे निष्पन्न झाले आणि ते दार कायमचे बंद झाले. ज्याला जाता आले नाही त्याने जाणाऱ्यांना शिकवायला घेतले. त्याच वर्षीच्या जानेवारीत अंतराळवीरांची नवी तुकडी फ्लॅगस्टाफला येऊन मीटिअर क्रेटर पाहून गेली होती. पुढच्या वर्षी ग्रँड कॅन्यनची सहल झाली.

पण हे विद्यार्थी सोपे नव्हते. बहुतेक जण लढाऊ विमानांचे वैमानिक. खडकांची लांबलचक नावे आणि फळ्यावरची खनिजांची सूत्रे त्यांना रटाळ वाटत. हे वाचले तेव्हा आमच्या नववीच्या वर्गातील मागचा बाक आठवला, आणि थोडे बरेही वाटले. हा पेच ली सिल्व्हर नावाच्या प्राध्यापकाने सोडवला. कॅलिफोर्नियातील ओरोकोपिया डोंगराच्या उघड्या, रुक्ष परिसरात तो वैमानिकांना घेऊन गेला. नावे पाठ करा असे त्याने सांगितले नाही. समोर काय दिसते ते साध्या शब्दांत सांगा, एवढेच सांगितले. पुढच्या सरावांत अंतराळवीर डोंगराच्या एका बाजूला असत आणि शास्त्रज्ञ नजरेआड बसून केवळ रेडिओवर ऐकत. ऐकलेल्या वर्णनावरून त्यांनी नकाशा काढायचा, मग दोघांनी मिळून तो प्रत्यक्ष जमिनीशी ताडून पाहायचा. वर्णनात जे राहिले ते नकाशात राही, आणि कोणाला काही बोलावे लागत नसे.

शिक्षक म्हणून मला ही पद्धत फार मोठी वाटते. आमच्याकडे मुलगा घरी एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी, आणि शास्त्राच्या पुस्तकात तिसरी वाचतो. त्याला व्याख्या येते. पण शाळेमागच्या ओढ्याच्या काठावर उभे करून “काय दिसते ते सांग” म्हटले, तर तिन्ही भाषा गप्प होतात.

अपोलो-१५ ची तयारी चालू असताना आणखी एक अडचण आली. या मोहिमेत प्रथमच चंद्रावर मोटार न्यायची होती. तिचे पृथ्वीवरचे वजन अवघे २१० किलो. चंद्रावर वजन एक षष्ठांश भरते, त्या हिशेबाने ती बांधलेली. म्हणजे पृथ्वीवर दोन माणसे तीत बसली तर तिचे कंबरडे मोडणार! जी गाडी न्यायची तिच्यावर सराव करता येत नाही, असा हा पेच. तेव्हा १९७० मध्ये फ्लॅगस्टाफच्या कार्यशाळेतील कारागिरांनी तीनेक महिन्यांत, दोन हजार डॉलरच्या आत, हाताशी मिळेल त्या सामानातून एक मजबूत गाडी जुळवली. नाव ठेवले ग्रोव्हर. खऱ्या चार गाड्यांच्या कामावर तेव्हा ३ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाले होते, हे शेजारी ठेवून पाहावे. डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन यांनी या स्वस्त गाडीवर माळ तुडवले. कोणत्या ठिकाणी उतरायचे, गाडी कशी वळवायची, उतरून किती वेळात किती नमुने उचलायचे, हे सारे तेथे अंगवळणी पडले. ग्रोव्हर अद्याप फ्लॅगस्टाफला जपून ठेवलेली आहे.

१ ऑगस्ट १९७१ रोजी चंद्रावर स्पर नावाच्या लहानशा विवराच्या काठी स्कॉटला एका ढेकळावर बसवल्यासारखा पांढुरका, चमकणारे स्फटिक असलेला दगड दिसला. तो ॲनॉर्थोसाइट. चंद्राच्या अगदी आरंभीच्या कवचाचा खडक. सिल्व्हरने कॅलिफोर्नियाच्या सॅन गॅब्रिएल डोंगरात हाच खडक त्यांना दाखवून ठेवला होता. चार अब्ज वर्षांहून जुना तो दगड स्कॉटने पाहता क्षणी ओळखला. त्या मोहिमेत गाडी सुमारे २८ किलोमीटर फिरली. पुढे डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ बरोबर हॅरिसन श्मिट हा खराखुरा भूवैज्ञानिक चंद्रावर गेला. तो फ्लॅगस्टाफलाच शूमेकरच्या हाताखाली काम केलेला.

शूमेकर १८ जुलै १९९७ रोजी ऑस्ट्रेलियात मोटार अपघातात गेला. तेथेही तो उल्काविवरेच शोधत हिंडत होता. त्याच्या अस्थींचा अंश लूनर प्रॉस्पेक्टर यानात ठेवला होता, आणि ३१ जुलै १९९९ रोजी ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळवण्यात आले. असो.

माळावरच्या तालमी नंतरही चालू राहिल्या. १९९७ मध्ये चिलीच्या आटाकामा वाळवंटात नोमॅड नावाचा यंत्रमानव दोनशेहून अधिक किलोमीटर चालवला गेला. अमेरिकेतील युटाच्या लाल डोंगरांत २००२ पासून मंगळासाठीच्या निवासाचा प्रयोग होतो. सहा-सात माणसे दोन मजली गोल घरात दोन आठवडे कोंडून राहतात आणि अवकाशपोशाख चढवल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखात त्सो कार सरोवराकाठी, साडेचार हजार मीटर उंचीवर, असेच घर उभारून दोघांनी दहा दिवस काढले. त्यात आपली ‘इस्रो’ सहभागी होती.

पण सिंडर लेकचे खरे भावंड आपल्याच राज्यात आहे. चित्रदुर्गाचा किल्ला पाहायला आमच्या शाळेच्या सहली जातात. तेथून तीसेक किलोमीटरवर चळ्ळकेरे. त्या तालुक्यातील उळ्ळार्ती कावल येथे ‘इस्रो’ने चंद्रासारखी विवरे खणली आणि २०१६ मध्ये त्यांच्यावरून विमान उडवून चांद्रयान-२ च्या उतरण्याच्या उपकरणांची परीक्षा घेतली. चंद्राची मातीही हवी होती. परदेशातून ती आणणे परवडण्यासारखे नव्हते. तमिळनाडूत नामक्कलजवळ सित्तमपुंडी येथे ॲनॉर्थोसाइट सापडतो. होय, स्कॉटच्या ढेकळावरचा तोच खडक. तो टनांवारी फोडून, दळून बेंगळुरूला नेला आणि त्यावर चाके व पाय पारखले.

तरीही ७ सप्टेंबर २०१९ रोजी विक्रम कोसळला. तालीम झाली म्हणजे नाटक वठतेच असे नाही. मंडळी पुन्हा चळ्ळकेरेच्या माळावर गेली, या वेळी उपकरणे हेलिकॉप्टरला बांधून. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले. प्रज्ञान शंभरेक मीटर फिरला. वाटेत चार मीटर रुंदीचे विवर आडवे आले तेव्हा त्याला मागे वळवण्यात आले. पायाखालची माती त्याने तपासली, तीत ॲनॉर्थोसाइटाचाच अंश भरला.

राहता राहिला तो माळ. कन्नडमध्ये ‘कावल’ म्हणजे राखलेली जागा. आपण गायरान म्हणतो. चित्रदुर्गाच्या बाजूची ही गायराने म्हैसूरच्या वोडेयरांनी दुभत्याच्या आणि ओढकामाच्या गुरांसाठी राखली. टिपूने त्या खात्याला अमृतमहाल हे नाव दिले, आणि तोफा ओढणारे ते बैल इंग्रज सेनापतींनीही वाखाणले. आपला खिल्लार त्यांच्याच नात्यातला. अलीकडे येथील सुमारे दहा हजार एकर जमीन संरक्षण, अणुशक्ती, विज्ञान आणि अवकाश या संस्थांना वाटून दिली गेली. भिंती उभ्या राहिल्या. मेंढपाळ आणि घोंगडी विणणारी कुटुंबे अडली, आणि तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. वाळवंट, ओसाड, पडीक हे शब्द नकाशा काढणाऱ्याचे असतात. मेंढरे चारणाऱ्याला त्या माळाचा प्रत्येक पाणवठा नावानिशी ठाऊक असतो.

सिंडर लेकच्या एका क्षेत्रावर हल्ली मोटारसायकली आणि वाळूत पळणाऱ्या गाड्या फिरतात. विवरांचे काठ ढासळत आले आहेत. फिकट माती काळ्या खडीत मिसळून गेली आहे, आणि कोणते विवर आधीचे, कोणते नंतरचे, हे आता सहज सांगता येत नाही.