मनुष्याचे बेत व ईश्वराची वाट

सन १८१२ च्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील सेलेम या बंदरीं पांच तरुणांस पाद्रीपणाची दीक्षा देण्यांत आली. हिंदुस्थानाकडे निघालेले ते पहिले अमेरिकन मिशनरी. त्यांना धाडणाऱ्या बोर्डाची स्थापना होऊन अवघीं दोन वर्षें झालीं होतीं. जावयाचें कोठें, याविषयीं चालकांच्या मनांत मुख्यतः ब्रह्मदेशाचें नांव घोळत होतें. महाराष्ट्राचा त्या बेतांत कोठेंच उल्लेख नव्हता. मग अहमदनगरचा तर प्रश्नच नको. (आज त्या शहराला अहिल्यानगर म्हणतात, पण जिल्ह्यांतील माणूस त्याला पूर्वींपासून नुसतें ‘नगर’च म्हणत आला आहे.) असें असतां पुढील शतकांत मराठी ख्रिस्ती समाजाचें एक प्रमुख केंद्र नगरास उभें राहिलें. हें कसें घडलें, हें पाहूं लागलें म्हणजे मनुष्याची योजना आणि ईश्वरी मार्गदर्शन यांविषयींचा जुना प्रश्न आपोआप पुढें येतो.

हे तरुण कलकत्त्यास उतरले तेव्हां ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला मिशनरी मुळींच नको होते. त्यांतच जून महिन्यांत इंग्लंड व अमेरिका यांच्यांत युद्ध जुंपलें. हुकूम झाला कीं, चालते व्हा. पांचांची पांगापांग झाली. जडसन याचें बाप्तिस्म्याविषयींचें मत बदलून तो बाप्टिस्ट झाला व फिरत फिरत अखेर रंगूनला पोंचला. न्यूएल याची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट मॉरिशस बेटावर मरण पावली. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस येऊन लागले. तेंहि कोणी आखून दिलेलें स्थळ म्हणून नव्हे, तर कलकत्त्याहून निसटतां आलें म्हणून. तेथेंहि त्यांना हांकलून देण्याचा हुकूम मागोमाग आलाच. दोघे गुप्तपणें सिंहलद्वीपाकडे जावयास निघाले, तर कोचीन येथून त्यांना परत आणण्यांत आलें.

या सर्व काळांत हॉल हा नुसता हात जोडून बसला नव्हता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांस त्यानें अर्जांवर अर्ज केले, युक्तिवाद केला, त्यांच्या सदसद्‌विवेकबुद्धीला आवाहन केलें. त्याच वर्षीं कंपनीच्या सनदेचें नूतनीकरण होतांना पार्लमेंटनें मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि अखेर दोघांना राहण्याची परवानगी मिळाली. ही अर्जांची फलश्रुति म्हणावी, पार्लमेंटची कीं प्रार्थनेची? हॉलला स्वतःला हे तीन निरनिराळे वाटले नसावेत. त्याच्या धर्मग्रंथांतहि दोन्ही बाजू शेजारीं शेजारीं आहेत. याकोबाच्या पत्रांत, उद्यां अमुक शहरीं जाऊन वर्षभर व्यापार करूं असें निश्चिंतपणें बोलणाऱ्या व्यापाऱ्यांस दटावलें आहे. उलट लूकच्या शुभवर्तमानांत, खर्चाचा अंदाज न घेतां बुरूज बांधावयास काढणारा मनुष्य लोकांच्या हंशाला पात्र ठरतो. एकाच पुस्तकावर श्रद्धा ठेवणाऱ्या दोन माणसांनीं यांतून दोन निरनिराळीं वचनें उचलावीं आणि आयुष्यभर एकमेकांशीं वाद घालावा, इतकी त्यांत सोय आहे.

पुढील वर्षांत मुंबईस शाळा निघाल्या, छापखाना आला, मराठी नवा करार तयार होऊन १८२६ सालीं छापून पूर्ण झाला. त्याच सालच्या मार्च महिन्यांत हॉल नाशिकाकडे गेला असतां तेथें पटकीची सांथ चालू होती. जवळचीं औषधें रोग्यांस वाटून तो परत फिरला आणि वाटेंत त्याला त्याच रोगानें गांठलें. त्याचें वय तेव्हां एकेचाळीस होतें. १८३१ च्या डिसेंबरांत ग्रेव्हज, हर्वी व रीड हे तिघे नगरास आले व तेथील ठाणें सुरू झालें. पुढच्या मे महिन्यांत हर्वी पटकीनेंच गेला.

घडून गेलेल्या गोष्टींची माळ ओंवून तींत देवाचा हात दाखविणें फारसें अवघड नसतें. मिशनच्या अहवालांतून ही माळ वारंवार ओंवलेली दिसते. ती सर्वस्वीं खोटी आहे असें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु माळ ओंवणारे हात वांचलेल्यांचे असतात, हें विसरून चालत नाहीं. हॅरिएटला किंवा हर्वीला आपल्या मरणाचा अर्थ काय लागला असता, हें कोणत्याहि अहवालांत लिहिलेलें नसतें.

योजनेबाहेर फळ कसें येतें याचें नगरमधील एक उदाहरण मात्र कोणालाहि, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, नाकारतां येणार नाहीं. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ सालीं मुंबईस आली व १८३९ पासून नगरास मुलींच्या शाळा चालवूं लागली. बोर्डाचा हेतु उघड होता: मुलींना वाचतां यावें, त्यांच्या हातीं बायबल जावें, ख्रिस्ती कुटुंबें तयार व्हावीं. ती शाळा पाहून पुण्याचे जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहींत. बोर्डाच्या हिशेबाच्या वहींत या गोष्टीला रकाना नव्हता. फरारबाई १८६२ सालीं नगरासच वारल्या. मुलींच्या शिक्षणाचा महाराष्ट्रांतील इतिहास त्यांच्या शाळेला वगळून लिहितां येत नाहीं.

मिशनचा कारभार ठरावांचा होता. वार्षिक सभा भरावी, अंदाजपत्रक व्हावें, बोस्टनला पत्र जावें, तेथून उत्तर येईपर्यंत महिने लोटावे, अशी ती रीत. डॉक्टर रॉबर्ट ह्यूम यांनीं १८७८ सालीं नगरास धर्मशिक्षणाची शाळा काढली, दुष्काळांत पोरक्या मुलांची सोय लावली. तीं कामें चोख हिशेबावांचून झालींच नसतीं. अशा या चाकोरींत १८९५ सालीं एक कवि येऊन दाखल झाला, त्याला हिशेबाचें बाळकडू कोणी पाजलेंच नव्हतें.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. हिंदुस्थानासाठीं एक नवा धर्म हवा, असे विचार त्यांच्या मनांत चालले होते. हाहि एक मोठा बेतच. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवाकडे जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला व दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. डोंगरावरील प्रवचनानें टिळकांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला व ते नगरास मिशनच्या कामीं लागले.

टिळकांना जी देवाची हांक वाटली, ती त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांच्या कानीं वज्राघातासारखी पडली. लहान मुलाला घेऊन कांहीं वर्षें त्यांना नातलगांच्या आश्रयानें काढावीं लागलीं. पुढें त्या नगरास आल्या. पतीच्या दडपणाखालीं त्यांनीं धर्म बदलला नाहीं; सोंवळेंओंवळें, जातिभेद यांचा एकेक धागा त्यांनीं स्वतःच्या विचारानें सोडविला आणि १९०० सालीं त्याहि ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रें’ या त्यांच्या आत्मचरित्रांत हा सारा प्रवास इतक्या मोकळेपणानें व विनोदानें सांगितला आहे कीं, वाचणाऱ्याला त्यांतील दुःख उशिरां कळतें.

नगर व राहुरी येथील या संसाराचें अर्थशास्त्र सरळ होतें. टिळकांच्या हातीं पैसा ठरत नसे. कोणीं मागितलें कीं दिलें. घरीं पोरकीं मुलें येत, पाहुणे येत, बालकवि ठोमरे यांच्यासारखा तरुण कवि येऊन राही. उद्यांची चिंता करूं नका, हा ख्रिस्ताचा उपदेश टिळक अक्षरशः पाळीत. मात्र संध्याकाळीं इतक्या पानांवर काय वाढावयाचें, याची चिंता लक्ष्मीबाईंना करावीच लागे. टिळकांच्या चरित्रकारांनीं पहिल्या गोष्टीचें जितकें कौतुक केलें आहे, तितकें दुसरीचें केलेलें नाहीं.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला. भाडोत्री प्रचारकाच्या तोंडून आलेला ख्रिस्त हिंदी मनाला परकाच वाटणार, ही त्यांची खंत जुनी होती. तुकारामाच्या अभंगांच्या वाटेनें ते ख्रिस्ताकडे आले होते, आणि तुकाराम कोणाच्या पगारावर नव्हता. त्यांनीं संन्यस्त वृत्ति पत्करली, साताऱ्यास बिऱ्हाड हलविलें व ‘देवाचा दरबार’ म्हणून भक्तांचा एक मेळा उभारला; त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांनाहि जागा होती. आपल्याकडील अयाचित वृत्तीशीं या पाउलाचें नातें सहज ओळखूं येतें. हा त्याग खरा होता, आणि मिशनच्या पगारी व्यवस्थेवरील त्यांची टीकाहि बहुतांशीं रास्त होती. परंतु दरबाराला घटना नव्हती, मागें चालविणारा कोणी तयार केलेला नव्हता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळक वारले आणि दरबाराचा मेळा विस्कटला. मिशनच्या शाळा, दवाखाने व धर्मशिक्षणाचें काम पुढें चालू राहिलें.

भरंवसा आणि बंदोबस्त एका ठायीं नांदूं शकतात, याचा दाखला त्याच काळीं नगरपासून फार दूर नसलेल्या केडगांवास (पुणें जिल्ह्यांतील, दौंडजवळच्या) मिळतो. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला अमेरिकेंतील मंडळीनें दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें होतें. ती मुदत १८९८ सालीं संपली. त्यानंतर रमाबाईंनीं देवावर हवाला ठेवून मुक्तिसदन चालविलें. पण विहिरी खणविल्या, शेती केली, मुलींना विणकाम व छापखान्याचें काम शिकविलें. त्यांच्यावर ज्याच्या चरित्राचा प्रभाव होता, तो ब्रिस्टलचा जॉर्ज म्यूलर कोणाहि मनुष्यापाशीं पैसा मागत नसे. मात्र आलेल्या प्रत्येक देणगीचा हिशेब तो छापून प्रसिद्ध करी. टिळकांजवळ कवित्व होतें. म्यूलरची ती हिशेबाची वही नव्हती.

निदान तशी दिसत तरी नव्हती. टिळकांनीं १९०९ सालीं ‘ख्रिस्तायन’ हें ओंवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतलें होतें. आरंभीचे कांहीं अध्याय होऊन तें अपुरें राहिलें. लक्ष्मीबाईंना शाळेचें शिक्षण नव्हतें. लिहावयावाचावयास त्या लग्नानंतर शिकल्या. पतीच्या पश्चात् त्यांनीं तें काम हातीं घेतलें आणि एक एक करून चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारींत त्या वारल्या. संपूर्ण ‘ख्रिस्तायन’ १९३८ सालीं छापून निघालें, तेव्हां आरंभ करणारा आणि तडीस नेणारी, दोघेंहि हयात नव्हतीं.