श्रवणयंत्र : वनप्रदेशातील वापर व मर्यादा

बाहेरील ध्वनी मायक्रोफोनने टिपून, त्याचे विद्युत् संकेतात रूपांतर व विवर्धन करून तो कानात सोडणारे साधन म्हणजे श्रवणयंत्र. विद्युत् श्रवणयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मिलर रीस हचिसन यांनी तयार केले. पुढील निर्वात नलिकांच्या यंत्रांना जड घटमाला लागे. १९५२ च्या अखेरीस ट्रँझिस्टर वापरात आला आणि यंत्र खिशात, नंतर कानामागे मावू लागले. हा इतिहास बहुतांशी आकार लहान होत गेल्याचा आहे; वापरणाऱ्याच्या अडचणी त्या प्रमाणात कमी झाल्या नाहीत. चंद्रपूर व त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांत हे विशेष जाणवते.

कानपूरचा भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम (स्था. १९७२) व केंद्र शासनाची १९८१ ची साहाय्य योजना यांमुळे खिशातील यंत्र खेड्यांपर्यंत पोहोचले. सदऱ्याचे घर्षण त्यात खरखर म्हणून ऐकू येई व दोरी वारंवार तुटे. कानाच्या मापाचा साचा नसेल, तर यंत्र शिट्टी वाजविते. साच्यासाठी मात्र पुन्हा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी यावे लागते.

वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी यांसारख्या ठिकाणी दीर्घकाळ गोंगाटात काम केल्याने येणारे बहिरेपण प्रथम उच्च कंप्रतेच्या ध्वनींना ग्रासते. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. ‘पान’, ‘कान’, ‘तान’ यांत भेद उरत नाही. यंत्र आवाज मोठा करते, परंतु अंतर्कर्णाच्या नष्ट झालेल्या पेशी परत आणीत नाही. म्हणून ‘ऐकू येते, समजत नाही’ ही तक्रार हट्टीपणाची मानणे अन्यायाचे आहे.

जंगलात प्रश्न वेगळा असतो. मोहफुले वेचताना किंवा तेंदूपाने तोडताना माणूस कानावर विसंबून असतो. ध्वनीची दिशा दोन्ही कानांत पोहोचणाऱ्या ध्वनीच्या वेळेतील व तीव्रतेतील अंतरावरून कळते. एकाच कानाला यंत्र लावल्यास पाचोळा वाजला हे कळते, कोणत्या बाजूला हे कळत नाही. त्यातच वारा मायक्रोफोनवर आदळून घोंघावतो. वाघाचा वावर असलेल्या रानात हा दोष किरकोळ नव्हे.

हवामानही अनुकूल नाही. जस्त-हवा घटाचे आवरण काढताच त्याचे आयुष्य सुरू होते, यंत्र वापरा वा न वापरा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यातील कोरड्या हवेत तो सुकतो, पावसाळ्यात ओलावा शोषतो. घामाने यंत्राचे भाग गंजतात. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. अशा वेळी घट संपला, की चांगले यंत्रही पेटीत पडून राहते.

लहान मुलांच्या बाबतीत भाषेची अडचण सर्वांत मोठी आहे. यंत्र लावलेल्या मुलाला ऐकण्याचे व ओष्ठवाचनाचे शिक्षण द्यावे लागते, आणि येथील शाळांत ते मुख्यतः मराठीतून मिळते. वरोड्याजवळील आनंदवनात मूकबधिरांची शाळा आहे. पण भामरागड-एटापल्लीकडील घरांत माडिया, इतरत्र गोंडी, सिरोंचा भागात तेलुगू बोलली जाते. परिश्रमाने मराठी शब्द ओळखू लागलेल्या मुलाला सुट्टीत घरी गेल्यावर आईच्या ओठांवरचे शब्द पुन्हा अनोळखी असतात.