बोरूचा चाकू आणि मुंबईहून गेलेले पोलाद

आमच्या पणजोबांकडे गावचे कुलकर्णीपण होते. १९५०च्या कायद्याने वतन गेले, दप्तर सरकारजमा झाले आणि घरात उरल्या त्या तीन वस्तू: पितळी दौत, ओली शाई टिपण्याच्या वाळूची डबी आणि बोरू तासायचा घडीचा चाकू. पहिल्या दोन वस्तू भावाकडे आहेत. चाकू मी मागून घेतला.

त्याची मूठ म्हशीच्या शिंगाची. पाते मिटल्यावर मुठीत बसते, नखाने उघडायला वर बारीक खाच आहे आणि पाठीमागच्या पोलादी कमानीच्या दाबाने पाते उघडे राहते. खटका नाही, कुलूप नाही. दोन पिढ्यांनी निसण्यावर घासून पाते झिजवले, आता ते बाभळीच्या काट्याएवढे उरले आहे. मोडी लिहिणाऱ्याला बोरूचे टोक तिरके छाटून मध्ये चीर पाडावी लागे. लिहिता लिहिता टोक बसले की पुन्हा तासणे आले. त्यामुळे 'बोरूबहाद्दर' हा शब्द आपण कितीही कुचेष्टेने वापरला, तरी त्या बहाद्दराच्या हाताशी एक धारदार हत्यार कायम असे. फारसी दप्तरात त्याला कलमतराश म्हणत. आमच्या घरात तो नुसता 'चाकू'.

या चाकूची प्रतिकृती करून घ्यावी असे दोन वर्षांपूर्वी मनात आले. वाघोलीत राहून हे सुचायला निमित्त लागत नाही. २०२१ साली आमचे गाव पुणे महापालिकेत गेले आणि इमारती वाढल्या, तरी खाणी आणि क्रशर अजून आठवणीत आहेत, आणि नगर रस्त्याच्या कडेला पाल ठोकून विळे, कोयते, खुरपी घडवणारी घिसाडी कुटुंबे अधूनमधून दिसतात. त्यांचे पोलाद कुठले, असे एकदा विचारले तर म्हातारीने भात्यावरचा हात न काढता शेजारी पडलेला ट्रकचा कमानपाटा दाखवला. म्हणजे 'पारंपरिक' विळ्याचे पाते मोटारयुगाचे. त्याने विळ्याच्या विळेपणाला काही बाधा आल्याचे शेतकऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

चाकूंचा नाद असलेले आम्ही चौघे आहोत. एकाकडे जुने रामपुरी आहेत, लांब पात्यांचे, उघडताना दात कडकडणारे. 'वक्त' (१९६५) चित्रपटात राजकुमारने त्यांना दिलेली प्रतिष्ठा अजून ओसरलेली नाही. खुद्द रामपुरात २०२३ साली चौकात वीस फुटी चाकू उभा केला. पण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार शस्त्र कायद्याच्या नियमांत येते, म्हणून तो गृहस्थ आपला संग्रह दाखवताना आधी पट्टी दाखवतो. आम्हां चौघांना हवा होता तो त्याच्या उलट प्रकृतीचा चाकू: खिशात मावणारा, कारकुनी.

पुण्यातला एक तरुण कारागीर तयार झाला. त्याने पणजोबांचा चाकू मोजला, कागदावर उतरवला आणि म्हणाला, "काका, आकार तोच ठेवतो. पण पाते एस-३०-व्हीचे करू, बाजूच्या पट्ट्या टायटॅनियमच्या आणि मूठ मायकार्टाची." मायकार्टा म्हणजे कापडाचे थर राळेत बसवून दाबलेला पदार्थ. बाकी तिघे तिथल्या तिथे हरखले. मी मात्र घरी येऊन चिडचिड केली. बोरूच्या चाकूला विमानाचा धातू! हे पणजोबांचे विडंबन वाटले. त्या रागातच मी वाचायला बसलो. हेतू असा, की जुन्या पोलादाच्या बाजूने भक्कम पुरावा गोळा करायचा आणि कारागिराच्या हातात ठेवायचा.

पुरावा मिळाला, पण तो माझ्या बाजूने बोलेना.

१७९४ साली ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे एका पोलादाचे नमुने पाठवले. नाव कळवले 'वुट्झ'. कानडी 'उक्कु' या शब्दाचा हा बहुधा बिघडलेला अवतार. तेलंगण, कर्नाटक, तमिळ मुलूख इथे मुशीत वितळवून या पोलादाच्या लहान वड्या पाडत. स्कॉटने लिहिले की, त्या भागात माहीत असलेल्या कशाहीपेक्षा हे अधिक कठीण पाणी घेते. लेथवर लोखंड कापायला, दगड कापायला, छिन्नी, कानस, करवतीला ते वापरतात. मात्र किंचित लालसर होण्यापलीकडे उष्णता त्याला सोसत नाही, म्हणून घडवणे फार वेळखाऊ, असेही त्याने बजावले.

लंडनमध्ये जॉर्ज पिअर्सनने त्याची रासायनिक तपासणी केली आणि १७९५ साली निबंध सादर केला. त्यातली एक नोंद मी चारदा वाचली. अध्यक्षांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट या कारागिराने वुट्झचा एक तुकडा घडवला. त्याचे केले काय? तलवार नव्हे, खंजीर नव्हे. लेखणी तासायचा चाकू! अंधारात जेमतेम लाली दिसेल इतक्याच उष्णतेवर त्याने तो ठोकला. धार उत्तम पोलादाच्या चाकूइतकीच बारीक लागली आणि तो तितकाच चांगला कापू लागला.

'तितकाच' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे वुट्झचा विषय निघाला की रुमाल हवेत कापणाऱ्या तलवारी निघतात आणि पुढे अभ्यास थांबतो. पिअर्सनची नोंद बरोबरीची आहे, आणि मला ती त्या दंतकथांपेक्षा अधिक मोलाची वाटते. पुढे वर्षानुवर्षे तुलना केल्यावर स्टोडार्टने आपल्या धंद्याच्या कार्डावर छापले की, युरोपातल्या सर्वोत्तम पोलादापेक्षा आपण हे हिंदुस्थानी पोलाद पसंत करतो. दुकान लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर. माल शस्त्रक्रियेची हत्यारे, वस्तरे आणि चाकूसुऱ्यांचा.

म्हणजे बँक्सच्या टेबलावरचा तो चाकू नेमका कसा होता? आकार जुना, रोजचा, कारकुनी. पाते मात्र परदेशातून आलेल्या, कधी न पाहिलेल्या धातूचे. आणि तो कसा निघतो याची वाट पाहणारे हौशी लोक. वाघोलीतल्या आम्हां चौघांचीच ही गोष्ट, फक्त दिशा उलटी.

ती इथेच संपत नाही. हाच स्टोडार्ट १८१८च्या सुमारास मायकेल फॅरडेला पोलादाच्या प्रयोगांत घेऊन आला. फॅरडे लोहाराचा मुलगा. वुट्झचे मर्म शोधता शोधता दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, क्रोमियम मिसळून पाहिले आणि १८२२ साली मिश्रपोलादांवर निबंध लिहिला. वुट्झचे मर्म त्यांना गवसले नाही. पण पोलादात दुसरे धातू हिशेबाने मिसळून पाहण्याची वाट त्यांनी रुळवली. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियमचे न गंजणारे पोलाद केले, ते याच वाटेवर.

गेल्या शतकाच्या अखेरीस जॉन व्हरहोव्हन हा धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हा घोड्याच्या नाला ठोकणारा चाकूकार, या जोडीने दाखवले की, वुट्झच्या पात्यावरची पाण्यासारखी नक्षी व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशामुळे उमटते. कारागिराने सांगितलेल्या एस-३०-व्हीमधला 'व्ही' म्हणजे व्हॅनेडियमच, सुमारे ४ टक्के. त्यात कार्बन १.४५ टक्के. वुट्झमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास सापडतो. हे आकडे शेजारी शेजारी मांडले तेव्हा मी उठून खिडकीत गेलो. दोन्ही पोलादे एकच आहेत असे नव्हे. नव्यात १४ टक्के क्रोमियम आहे. ते वितळवून, फवाऱ्याने त्याची भुकटी करून, दाबून तयार होते. मुशीतल्या वडीशी या रीतीचे काही नाते नाही. पण दगडाशी झुंजेल अशी धार हवी तर कार्बन कितीपर्यंत न्यावा, याचे उत्तर दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले आहे.

मग मी कारागिराला फोन केला. पाते त्याच्या म्हणण्याप्रमाणे करायला सांगितले, टायटॅनियमलाही हरकत घेतली नाही. मुठीवर मात्र अडून बसलो: माझ्या चाकूला शिंगच. तो हसला. "शिंग आक्रसतं काका, पावसाळ्यात फुगतं, रिव्हेटपाशी तडकतं." मी म्हटले, पणजोबांचे तडकलेले आहे, तरी चालतेच आहे. त्याने ऐकले.

चौदा महिने झाले. वुट्झ जपून तापवावे लागे, तर या पोलादाला हजार अंशांच्या वर नेमके तापमान लागते, आणि ती भट्टी कारागिराकडे नाही. पाती बाहेर पाठवावी लागतात. पहिल्या खेपेची वाकडी झाली. दुसरी खेप गणपतीत गेली. इतर तिघांचा रोज एकदा तरी फोन येतो. रामपुरीवाल्याने तर नव्या चाकूसाठी पेटीत मखमलीचा कप्पा करून ठेवला आहे.

मी मिठानगरच्या नव्हे, आमच्याच ओढ्याच्या काठचे चार बोरू आणून वाळत घातले आहेत. पणजोबांच्या चाकूने त्यातला एक तासून पाहिला. त्या काट्याएवढ्या पात्याने टोक तिरके छाटले गेले, पण मधली चीर सरळ गेली नाही. उरलेले तीन तसेच ठेवले आहेत.