स्कॉटलंडमध्ये चर्चचा पाळक कसा निवडतात? मतदानाला एकच नाव का असतं?

आपल्याकडे कॅथलिक चर्चमध्ये नवे फादर आले, तर ते बिशपांनी बदली केली म्हणून आलेले असतात. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही पाळकांची नेमणूक बिशपांकडूनच होते. मंडळीनं स्वागत करायचं, हार घालायचा आणि पुढच्या रविवारपासून उपासनेला बसायचं.

चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये हे चित्र उलटं आहे. हे प्रेसबिटेरियन चर्च आहे, म्हणजे इथे बिशप नसतात. पाळक कोण हवा, हे स्थानिक मंडळी गुप्त मतदानानं ठरवते. पण मतपत्रिकेवर नाव मात्र एकच असतं. त्या नावापुढे 'बाजूने' किंवा 'विरोधात' एवढंच सांगायचं.

मग निवड कसली, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. खरी निवड त्याआधी होते, बंद दाराआड.

शोध कोण घेतं?

पाळकाची जागा रिकामी झाली की आधी प्रेसबिटरीची, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या एकत्रित मंडळाची परवानगी लागते. हल्ली ती सहज मिळत नाही. सदस्य आणि पाळक दोन्ही घटत असल्यानं अनेक मंडळ्या एकमेकींत विलीन होत आहेत. परवानगी मिळाल्यावर मंडळी आपल्यातूनच नामनिर्देशन समिती निवडते. प्रेसबिटरीनं नेमलेले दुसऱ्या ठिकाणचे एक पाळक या काळात मार्गदर्शन करतात, पण उमेदवार निवडण्यात त्यांचं मत नसतं.

समिती आपल्या पॅरिशची माहितीपुस्तिका तयार करते. वस्ती कशी आहे, सदस्य किती, इमारतीची अवस्था काय, पैसा किती, हे त्यात असतं. या पुस्तिकेतच अनेक मंडळ्या फसतात. स्थळ बघताना मुलाची माहिती जशी रंगवतात, तशी ती रंगवली तर येणाऱ्या पाळकाला गळकं छप्पर आणि जुनी भांडणं आल्यावरच कळतात.

उपदेश ऐकून काय कळतं?

अर्ज आले की समितीचे सदस्य उमेदवाराचा उपदेश ऐकतात. त्यासाठी ते कधी त्याच्या सध्याच्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसतात, कधी इंटरनेटवरची उपासना पाहतात, तर कधी तिसऱ्याच चर्चमध्ये त्याला बोलायला बोलावलं जातं. आपल्याच चर्चमध्ये सगळ्या उमेदवारांना पाळीपाळीनं उभं केलं, तर गावात गट पडतील आणि उमेदवाराच्या सध्याच्या मंडळीलाही तो जाऊ पाहतोय हे कळेल. म्हणून गुप्तता पाळणं ही समितीची पहिली जबाबदारी असते. एकच नाव जाहीर होण्यामागचं व्यावहारिक कारणही हेच. मागे पडलेल्या उमेदवाराला आपल्या चर्चमध्ये मान खाली घालून परतावं लागत नाही.

मात्र उपदेश म्हणजे पाळकाच्या आठवड्यातला अगदी छोटा भाग. उरलेल्या वेळात रुग्णालयातल्या भेटी, अंत्यविधी, बैठका, शाळा, हिशेब असं बरंच काही असतं. शिवाय पॅरिशचा पाळक फक्त सदस्यांपुरता नसतो. हद्दीत राहणाऱ्या, कधीही चर्चची पायरी न चढलेल्या कुटुंबानं अंत्यविधीसाठी बोलावलं तरी तो जातो. उत्तम वक्ता मृत्यूच्या घरात गप्प बसू शकेलच असं नाही, आणि तिथे बहुतेकदा गप्प बसणंच लागतं.

म्हणून मुलाखत महत्त्वाची. 'तुम्हाला तरुणांमध्ये काम करायला आवडतं का?' या प्रश्नाला कोणीही 'नाही' म्हणणार नाही. 'तुमच्या मंडळीत शेवटचा मोठा वाद कशावरून झाला आणि तुम्ही काय केलंत?' या प्रश्नावर मात्र माणूस उघडा पडतो. सगळी चूक दुसऱ्यांची असं सांगणारा उमेदवार उद्या इथल्या लोकांबद्दलही तेच सांगेल. शिफारस देणाऱ्यांशीही असंच नेमकं बोलावं लागतं.

समितीचे स्वतःचे पूर्वग्रहही असतात. आधीचे पाळक लाडके असतील तर त्यांचीच प्रतिकृती शोधली जाते, नकोसे असतील तर नेमका उलटा माणूस. पाळकाची पत्नी विनापगार अर्धं चर्च सांभाळेल ही जुनी अपेक्षाही कुठे कुठे टिकून आहे. या चर्चनं १९६८ पासून स्त्रियांना पाळक होण्याचा अधिकार दिला आहे. पत्नीकडून ठेवलेली ती अपेक्षा पाळकबाईंच्या नवऱ्याकडून कोणी ठेवत नाही!

पगारावर घासाघीस मात्र होत नाही. मानधन राष्ट्रीय पातळीवरच्या श्रेणीनुसार मिळतं आणि राहायला घर दिलं जातं.

मतदानाचा दिवस

समितीचं एकमत किंवा बहुमत झालं की ते एकच नाव जाहीर होतं. उमेदवार मंडळीसमोर उपासना चालवतो आणि त्यानंतर मतदार यादीतले लोक मत देतात. निकाल बाजूनं लागला तर मंडळीतले लोक 'कॉल' नावाच्या निमंत्रणपत्रावर सह्या करतात आणि प्रेसबिटरी ते मंजूर करते. त्यानंतरही उमेदवाराच्या आचरणाबद्दल किंवा शिकवणुकीबद्दल आक्षेप घ्यायला संधी असते.

या एका मतासाठी चर्च फुटलं होतं

पूर्वी स्कॉटलंडमध्ये पाळक सुचवण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी जमीनदाराकडे असे. १८३४ मध्ये चर्चनं कुटुंबप्रमुख पुरुषांना नकाराधिकार दिला. त्याच वर्षी ऑक्टरआर्डर गावात किनूलच्या अर्लनं रॉबर्ट यंग यांचं नाव दिलं. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी विरोध नोंदवला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १८३९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनंही जमीनदाराच्या बाजूनं निकाल दिला.

अखेर मे १८४३ मध्ये थॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे एक तृतीयांश पाळक बाहेर पडले. मानधन, घर, चर्चची इमारत सगळं सोडून त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं. भारतातले स्कॉटिश मिशनरीही त्यांच्यासोबत गेले, त्यात मुंबईचे जॉन विल्सन होते. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं आहे. जमीनदारांचा हा हक्क पुढे १८७४ मध्ये रद्द झाला.

मंडळीचा कौल अंतिम आहे का, हा वाद त्यानंतरही झाला. अ‍ॅबर्डीनच्या क्वीन्स क्रॉस चर्चनं स्कॉट रेनी यांना मोठ्या बहुमतानं निवडलं. ते उघडपणे समलिंगी असल्यानं आक्षेप आले आणि प्रकरण सर्वोच्च सभेत, म्हणजे जनरल असेंब्लीत गेलं. २३ मे २००९ रोजी ३२६ विरुद्ध २६७ मतांनी असेंब्लीनं ही नेमणूक कायम ठेवली.

आणि मंडळीनं 'विरोधात' कौल दिला तर? ती समिती बरखास्त होते, नवी समिती निवडली जाते आणि तोवर रविवारची उपासना पाहुण्या पाळकांवर चालते. पाळकांची आधीच टंचाई असल्यानं हे 'नाही' पूर्वीपेक्षा महाग झालं आहे. काही ठिकाणी अर्जच एक येतो.