पडद्यावरील वैद्य आणि त्यांचे चाहते

नटावर लोकांनीं जीव टाकावा, ही गोष्ट आम्हां महाराष्ट्रीयांस नव्यानें सांगावयास नको. बालगंधर्वांनीं लुगडें कसें नेसलें आहे, केसांत फुलें कशीं माळलीं आहेत, हें पाहून घरोघरच्या बायकांनीं त्यांचें अनुकरण केलें, आणि त्यांच्या एकेका पदासाठीं लोक रात्र रात्र जागले. परंतु नाटक संपल्यावर कोणी त्यांच्याकडे संसाराचा सल्ला विचारावयास गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. रुक्मिणीची भूमिका करणारा नट म्हणजे रुक्मिणी नव्हे, एवढें भान पिटांतल्या प्रेक्षकालाही होतें. अमेरिकेंत मात्र दूरचित्रवाणी घरांत आल्यानंतर एक चमत्कारिक प्रकार घडला. डॉक्टरचें सोंग घेतलेल्या नटाला लोक स्वतःच्या दुखण्याविषयीं पत्रें लिहूं लागले. १९६९ पासून १९७६ पर्यंत चाललेल्या ‘मार्कस वेल्बी, एम. डी.’ या मालिकेंत रॉबर्ट यंग हा नट एका वयस्क, प्रेमळ कुटुंबवैद्याचें काम करी. पहिल्या पांच वर्षांत त्याला सुमारें अडीच लाख पत्रें आलीं, आणि त्यांपैकीं बहुतेकांत औषधोपचाराचा सल्ला मागितलेला होता, असें नमूद आहे. यंगचा वैद्यकाशीं संबंध एवढाच कीं, अंगांत कोट व हातांत नळी घेऊन तो कॅमेऱ्यासमोर उभा राहत असे.

ही गोष्ट हसण्यावारी न्यावी असें प्रथम वाटतें. पण थोडा विचार केला म्हणजे हसूं मावळतें. राजाचें सोंग पाहणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशीं राजाच्या दरबारांत जात नाहीं. डॉक्टरचें सोंग पाहणारा मात्र केव्हां ना केव्हां डॉक्टरच्या दारांत उभा राहतोच, आणि जातांना पडद्यावरच्या डॉक्टरची मूर्ति मनांत घेऊन जातो. म्हणून या मालिकांतील नटनटींवर लोकांनीं जें अपार प्रेम केलें, त्याचा इतिहास नुसत्या करमणुकीचा इतिहास नाहीं. आजारीपणांत मनुष्य कोणावर विसंबूं पाहतो, हें त्यांत उमटलें आहे. आम्ही स्वतः या चाहत्यांच्या मेळ्यांतलेच आहों, हेंही येथें सांगून टाकलेलें बरें. पुढें कोठें पक्षपात दिसल्यास वाचकांनीं तो सांभाळून घ्यावा.

१९५४ सालीं ‘मेडिक’ नांवाची मालिका निघाली. तिच्या संहिता लॉस एंजलिस येथील वैद्यकसंघाकडून तपासून घेत. चाहत्यांचा खरा पूर आला तो १९६१ मध्यें. त्या वर्षीं सप्टेंबरच्या अखेरीस ‘डॉक्टर किल्डेअर’ आणि त्यानंतर आठवड्याच्या आंत ‘बेन केसी’ अशा दोन मालिका दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांवर सुरू झाल्या. किल्डेअर हें पात्र मॅक्स ब्रँड या लेखकाचें. १९३७ पासून त्यावर चित्रपटही निघाले होते. आतां तें काम रिचर्ड चेंबरलेनकडे आलें. चेंबरलेन देखणा, सौम्य व विनयशील. केसीचें काम करणारा व्हिन्स एडवर्ड्स दांडगा, कपाळाला आठ्या घातलेला. देशांतील तरुणींत दोन पक्ष पडले. चेंबरलेनला दर आठवड्यास हजारों पत्रें येत, आणि मालिकेच्या संगीतावर शब्द बसवून त्याच्याकडून गाणेंही गाऊन घेण्यांत आलें. पुढें इंग्लंडांत जाऊन त्यानें रंगभूमीवर हॅम्लेट उभा केला, पण लोकांच्या लेखीं तो किल्डेअरच राहिला. २०२५ च्या मार्चमध्यें तो वारला, तेव्हांही मृत्युलेखांत पुढें आला तो किल्डेअरच.

या दोन्ही मालिकांच्या संहिता अमेरिकन वैद्यकसंघाची एक समिति वाचीत असे. आपल्या धंद्याची अब्रू सांभाळणें हा तिचा हेतु. मग पडद्यावरचा डॉक्टर चुकणार कसा? तो रात्रीबेरात्रीं धांवून जाई, त्याला पैशाची फिकीर नसे, त्याचें निदान बहुधा बरोबर ठरे. परिचारिका तबक घेऊन मागें उभी असे. तिला नांव असलें तर असे. अशा निर्दोष पुरुषावर प्रेम करणें म्हणजे देवावर प्रेम करणें होय, आणि देवाकडे लोक गाऱ्हाणीं नेतात तशींच तीं त्यांनीं वेल्बीकडे नेलीं.

देव्हाऱ्याला पहिला तडा ‘मॅश’ या मालिकेनें दिला. १९७२ ते १९८३ अशीं अकरा वर्षें ती चालली. ज्या कोरियन युद्धाची ती कथा, तें स्वतः तीनच वर्षें चाललें होतें. तींतील शल्यवैद्य थट्टेखोर, दारू पिणारे, वरिष्ठांस न जुमानणारे. पण शस्त्रक्रियेच्या मेजापाशीं अत्यंत दक्ष. १९७५ च्या मार्चमध्यें त्यांचा भाबडा अधिकारी हेन्री ब्लेक घरीं परत जावयास निघतो, आणि अखेरच्या क्षणीं निरोप येतो कीं त्याचें विमान पाडलें गेलें, कोणीही वांचलें नाहीं. संहितेचें तें शेवटचें पान चित्रीकरणाच्या वेळेपर्यंत बहुतेक नटांपासूनही लपवून ठेवलें होतें. प्रेक्षकांनीं संतापून पत्रें लिहिलीं. आपल्या माणसाच्या मृत्यूची बातमी कळल्यावर येतो तशा जातीचा तो संताप होता. पुढें १९८२ त निघालेल्या ‘सेंट एल्सव्हेअर’ या मालिकेंत एका नायकाऐवजीं अवघें रुग्णालयच नायक झालें. तिला प्रेक्षक थोडे लाभले, पण जे लाभले ते निष्ठावंत.

आतां ज्या मालिकेसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतों. मायकेल क्रायटन हा हार्वर्डमध्यें वैद्यक शिकलेला, पण डॉक्टरकी न करतां कादंबरीकार झालेला मनुष्य. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांतील एका दिवसाची कथा त्यानें १९७४ च्या सुमारास लिहिली, आणि ती वीस वर्षें पडून राहिली. १९९४ च्या सप्टेंबरांत तिच्यावरून ‘ईआर’ सुरू झाली. २००९ च्या एप्रिलपर्यंत तिचे ३३१ भाग झाले. प्रथम दर्शनीं ती कोणाला कळेल असें वाटत नव्हतें. धांवणाऱ्या खाटा, एकाच वेळीं बोलणारीं चार माणसें, समजावून न सांगितलेले वैद्यकीय शब्द, आणि या गर्दीतून वाट काढीत फिरणारा कॅमेरा! पण लोकांना तें कळलें. म्हणजे शब्द कळले नाहींत, माणसें कळलीं. थोड्याच काळांत ती अमेरिकेंतील सर्वांत अधिक पाहिली जाणारी मालिका झाली, आणि १९९८ मध्यें वाहिनीनें एकेका भागासाठीं १ कोटी ३० लाख डॉलर मोजण्याचें कबूल केलें.

त्या नटसंचाविषयीं किती लिहावें! अँथनी एडवर्ड्सचा मार्क ग्रीन हा टक्कल पडूं लागलेला, चष्मा लावणारा, सदा अर्धवट झोपेंतून उठविलेला डॉक्टर. किल्डेअरच्या काळांत अशा चेहऱ्याला औषधाच्या दुकानांतही काम मिळालें नसतें. एरिक ला सालचा बेंटन हा कठोर, अबोल, स्वाभिमानी शल्यवैद्य. ओठांची एक हालचाल करून तो जें सांगे, तें दुसऱ्या नटाला अर्ध्या पानाच्या भाषणांत साधलें नसतें. त्याच्या हाताखालीं नोआ वायलीचा कार्टर हा श्रीमंताघरचा, गोंधळलेला विद्यार्थी. शेरी स्ट्रिंगफील्डची सुझन लुईस सरळ व समंजस. बालरोगतज्ज्ञ डग रॉस झालेला जॉर्ज क्लूनी याच्या रूपाचा गवगवा फार झाला. आमच्या मतें त्याचें खरें सामर्थ्य लहान मुलांशीं बोलतांना दिसे. आणि यांच्याभोंवतीं परिचारिकांचा तो ताफा! यव्हेट फ्रीमन ही नटी हॅले नांवाच्या परिचारिकेच्या रूपानें पहिल्या भागांत दिसली आणि पंधरा वर्षांनीं शेवटच्या भागांतही दिसली. मोठीं नांवें आलीं आणि गेलीं. हॅले मात्र आपल्या जागेवर होती. असल्या पात्राची आठवण ठेवणें हीच खऱ्या चाहत्याची ओळख असें आम्ही समजतों. १९९७ च्या सप्टेंबरांत तर या मंडळींनीं एक भाग थेट प्रक्षेपणानें सादर केला, आणि अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील घड्याळें निराळीं म्हणून तोच प्रयोग एका रात्रींत दोनदां केला. नाटकवाल्यांचें हें धाडस पाहून मराठी प्रेक्षकानें टाळी दिल्यावांचून राहूं नये.

ज्युलियाना मार्गुलीसचें नांव मुद्दामच मागें ठेवलें. ती कॅरोल हॅथवे या परिचारिकेचें काम करी. मूळ योजनेप्रमाणें हॅथवे पहिल्याच भागांत आत्महत्या करून मरावयाची होती. परंतु तो भाग कांहीं प्रेक्षकांस आगाऊ दाखविला, तेव्हां त्यांना ती फार आवडली, आणि चालकांनीं तिला जिवंत ठेवलें. १९९५ मध्यें त्याच भूमिकेसाठीं मार्गुलीसला एमी पुरस्कार मिळाला. तीस वर्षांपूर्वीं तबक घेऊन मागें उभी असणारी बाई प्रेक्षकांच्या शब्दावर पुढें आली. वैद्यकसंघाच्या समितीला जें सुचलें नव्हतें तें अनोळखी माणसांच्या एका लहानशा घोळक्यानें करून दाखविलें.

दुसरी गोष्ट चुकीची. १९९५ च्या मार्चमध्यें दाखविलेल्या एका भागांत मार्क ग्रीन एका गरोदर स्त्रीचें दुखणें किरकोळ समजून तिला घरीं पाठवितो. ती परत येते तेव्हां झटके सुरू झालेले असतात. प्रसूतितज्ज्ञ वेळेवर येत नाहीं. ग्रीन एकट्यानें झगडतो. मूल वांचतें आणि आई मरते. मूल मांडीवर घेऊन बसलेल्या नवऱ्याला तें सांगावें लागतें, आणि परततांना हा डॉक्टर आगगाडींत एकटा बसून रडतो. हा भाग लिहिणारा लान्स जेंटील स्वतः तातडीच्या विभागांत काम केलेला डॉक्टर होता. लेखन व दिग्दर्शन या दोहोंसाठीं त्या भागाला एमी मिळालें. किल्डेअरच्या चाहत्यांना असला प्रसंग सोसला नसता. ग्रीनवरचें प्रेम मात्र त्या रात्रीनंतर वाढलें, असें आम्ही स्वतःवरून सांगूं शकतों.

इतकें खरेपण असूनही एका बाबतींत या मालिकेनें लोकांची दिशाभूल केली, आणि ती बाब लहान नव्हे. १९९६ सालीं न्यू इंग्लंडच्या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकांत तीन संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनीं ‘ईआर’ व आणखी दोन मालिकांचे ९७ भाग पाहिले. बंद पडलेलें हृदय छाती दाबून पुन्हां चालू करण्याचे ६० प्रसंग त्यांना आढळले, आणि त्यांपैकीं शेंकडा ७५ रोगी तत्काळ वांचले. शेंकडा ६७ घरीं जाण्याइतके बरे झाले असें दिसत होतें. प्रत्यक्ष रुग्णालयांत हें प्रमाण याच्या कितीतरी खालीं असतें. शिवाय पडद्यावरचे रोगी बहुधा तरुण, अपघातांत वा गोळीबारांत सांपडलेले. खरे रोगी बहुधा म्हातारे, जुन्या दुखण्यांनीं खंगलेले. आतां कल्पना करा. अतिदक्षता विभागाच्या दाराशीं एक मुलगी उभी आहे, आंत तिचा ऐंशी वर्षांचा बाप आहे, आणि डॉक्टर विचारीत आहे कीं हृदय थांबलें तर छाती दाबावयाची कीं नाहीं? त्या क्षणीं तिच्या डोळ्यांपुढें कार्टर आणि ग्रीन येतात. त्यांनीं कितीजणांना ओढून आणलें! मग माझ्याच बापाला कां नाहीं? वेल्बीला गुडघेदुखीचें औषध विचारणाऱ्या माणसाचें फारसें बिघडत नव्हतें. येथें मात्र मरणाऱ्या माणसाचे शेवटचे तास कसे जावे, तें चाहत्याचें प्रेम ठरवूं लागतें. तरीही आम्ही दोष देतों तो त्या मुलीला नव्हे. तिला मरणाविषयीं दुसरें कोणीं कधीं कांहीं दाखविलेंच नव्हतें.

पुढें नटसंच पांगला. स्ट्रिंगफील्ड १९९६ त गेली व २००१ त परत आली. क्लूनी १९९९ त गेला. २००० च्या मे महिन्यांत मार्गुलीसच्या निरोपाच्या भागांत तो अचानक अवतरला, आणि ती गोष्ट इतकी गुप्त ठेवली होती कीं प्रेक्षक थक्क झाले. ग्रीन २००२ त मेंदूच्या गांठीनें वारला. नव्या नटांवर लोकांनीं पूर्वीइतकें प्रेम केलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पण रुग्णालय सोडून कोणी फारसें गेलें नाहीं. डॉक्टर बदलला तरी इस्पितळ बदलत नाहीं, तसें कांहींसें झालें.

कार्टर झालेला नोआ वायली या भूमिकेसाठीं पांच वेळां एमीच्या यादींत आला आणि पांचही वेळां रिक्त हातीं परतला. २०२० च्या महामारींत त्याला पुन्हां संदेश येऊं लागले. या वेळीं लिहिणारे रोगी नव्हते. दवाखान्यांत राबून थकलेले लोक होते. आम्ही या धंद्यांत तुमची मालिका पाहून आलों, असें कित्येकांचें म्हणणें. वेल्बीला रोग्यांनीं लिहिलें, कार्टरला वैद्यांनीं! त्या पत्रव्यवहारांतूनच ‘द पिट’ या मालिकेची कल्पना निघाल्याचें वायली सांगतो. जॉन वेल्स व स्कॉट गेमिल या ‘ईआर’च्याच जुन्या सहकाऱ्यांसह त्यानें ती उभी केली, आणि २०२५ च्या जानेवारींत ती सुरू झाली. पिट्सबर्गमधील एका तातडीच्या विभागाची पंधरा तासांची एक पाळी, आणि प्रत्येक तासाला एक भाग. वायली आतां दाढी पिकूं लागलेला, महामारींत गमावलेल्या आपल्या गुरूच्या आठवणीनें आंतून खचलेला डॉक्टर आहे. विभागाचा गाडा खऱ्या अर्थानें हांकते ती डेना ही मुख्य परिचारिका. बाहेर घटकाभर उसंत घ्यावयास गेलेली असतां एक चिडलेला रोगी तिच्या तोंडावर ठोसा मारतो. ती परत येऊन पाळी पुरी करते, आणि संध्याकाळीं भिंतीवरचे आपले फोटो काढून पिशवींत भरते.

१४ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं लॉस एंजलिस येथें या मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचें एमी मिळालें. डेनाचें काम करणाऱ्या कॅथरीन लनासा हिलाही मिळालें. वायलीचें नांव सहाव्या खेपेस पुकारलें गेलें. त्याची आई स्वतः परिचारिका. व्यासपीठावरून त्यानें आपला पुरस्कार त्या रात्रीं पाळीवर निघालेल्या आणि पाळी संपवून घरीं परतणाऱ्या सर्वांना वाहिला.