उशिरा लागलेली पोर

परवा अमेरिकेहून ताईचा फोन आला. भाची अकराव्या वर्षी जिम्नॅस्टिक्सला लागलीय. "कॉलेजच्या टीमपर्यंत पोचेल का रे?"

मी ब्राझीलच्या दायाने दोस सांतोसची गोष्ट सांगितली. तीही ११-१२ वर्षांची होईतो या खेळात नव्हती, आणि २००३ मध्ये फ्लोअरची जगज्जेती झाली!

पण हुरळून कसं चालेल? अमेरिकेत मुलींची एनसीएए स्पर्धा १९८२ पासून होते. २००६ मध्ये जागतिक स्पर्धांनी १० पैकी गुणांची पद्धत सोडली, कॉलेजांनी नाही. म्हणजे तिथे सफाईला मोल. तरी वरच्या संघांतल्या बहुतेक मुली लेव्हल १० खेळूनच येतात, आणि भाचीच्या हातात जेमतेम सात वर्षं.

"अवघड आहे, अशक्य नाही," मी म्हटलं.

ताई गप्प. मग हळूच, "तिला यातलं कुठलं सांगू?"

दोन्ही सांग, ताई. याच क्रमाने.